बाळ गेलं, बाळंतपण राहिलं

आमच्या बाळंतपणाची तारीख होती ३० ऑक्टोबर २०२३. आमची मुलगी ९ ऑगस्टला आली आणि १९ ऑगस्टला गेली. हे सगळं चालू असताना रात्री-बेरात्री मी मोबाइलवर मराठीत काही सापडतंय का ते शोधायचे. डोहाळजेवणाची गाणी आणि बाळंतिणीचा आहार, एवढंच मिळायचं. म्हणून हे लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं माझ्या केसपुरती समजा.

वय ३३, पहिलंच गरोदरपण, पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरी, माहेर कराडचं. पहिले पाच महिने उलट्या सोडल्या तर काही त्रास नव्हता. १२ जूनची मोठी सोनोग्राफी व्यवस्थित आली. १० जुलैच्या तपासणीत रक्तदाब १४६/९४ निघाला आणि लघवीत प्रोटीन दिसलं. डॉक्टर मॅडमनी अर्ध्या तासाने पुन्हा मोजला, तरी तेवढाच. "प्रीएक्लॅम्पसिया आहे. आता दर आठवड्याला यायचं," म्हणाल्या. म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून आई आणि बाळ दोघांना धोका होणारा आजार. लॅबेटॅलॉलच्या, म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. येताना दंडाला पट्टा बांधायचं रक्तदाबाचं यंत्र घेतलं, एकोणीसशे रुपयांना. मनगटावरचं स्वस्त मिळतं, पण दंडाचंच घ्या असं त्यांनी बजावलं होतं. सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं. ही वही पुढे फार कामाला आली, कारण प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्यांदा तीच मागायचा.

पाय सुजले होते. "सातव्यात सुजतातच," हे सगळ्यांचं म्हणणं खोटं नाही, बहुतेकींचे सुजतात. पण माझ्या बोटातली अंगठी दोन दिवसांत अडकली आणि चेहरा सकाळी उठल्यावर ओळखू येईना. तोंड आणि हात अचानक सुजणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काहीही झालं तर फोन करत बसू नका, थेट या, असं मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद आम्ही फ्रिजवर लावला.

२५ जुलैच्या सोनोग्राफीत बाळ वाढीत मागे पडलेलं दिसलं, अंदाजे ६४० ग्रॅम. डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीत, नाळेतला प्रवाह कमी होता. वार (प्लासेंटा) नीट काम करत नाही, त्यामुळे बाळाला पुरेसं पोचत नाही आणि त्याच कारणाने माझा रक्तदाब वाढतो, असं त्यांनी समजावलं. उपाय एकच, बाळंतपण. पण बाळ अजून बाहेर जगण्याइतकं तयार नाही. म्हणजे रोज बघायचं, की आज पोटात ठेवणं जास्त धोक्याचं आहे की बाहेर काढणं. आईने डोहाळजेवण अधिक श्रावण संपल्यावर, म्हणजे १६ ऑगस्टनंतर करायचं ठरवलं होतं. साडीही घेऊन ठेवली होती, हिरवी. त्या दिवशी फोनवर तिने त्याचा विषय काढला नाही, मीही नाही.

३१ जुलैला, सोमवारी, घरच्या यंत्रावर १७०/११० आला. यंत्र बिघडलं असेल म्हणून नवऱ्याने स्वतःचा मोजला, त्याचा १२२/८०. रिक्षाने दवाखान्यात. त्याच दिवशी दाखल. इथून पुढे घरी जायला मिळणार नाही हे रात्री कळलं.

आमच्या मॅडमनी आग्रह धरला म्हणून आम्ही एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, असलेल्या मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. हा निर्णय आधी घ्या. बाळ जन्मल्यावर अँब्युलन्समधून हलवण्यापेक्षा बाळ पोटात असतानाच आईने जागा बदललेली केव्हाही बरी. तिथले बाळांचे डॉक्टर प्रसूतीच्या आधीच आम्हाला भेटले. ही भेट आपणहून मागावी लागली तरी मागा. आम्ही चार गोष्टी विचारल्या: या आठवड्यात, या वजनाची बाळं तुमच्याकडे किती जगतात, जगली तर पुढे काय अडचणी येऊ शकतात, रोजचा खर्च किती, आणि उपचार थांबवायची वेळ आली तर ते कोण, कसं ठरवतं. शेवटचा प्रश्न नवऱ्याने विचारला. मला त्याचा त्या क्षणी भयंकर राग आला. डॉक्टर मात्र शांतपणे, आडपडदा न ठेवता बोलले.

पैशांचं इथेच सांगते. एनआयसीयूचा रोजचा दर तेव्हा पंधरा हजार होता, औषधं आणि तपासण्या वेगळ्या. फुप्फुसं उघडायला जे सर्फॅक्टंट देतात त्याची एक कुपी तेव्हा चौदा हजारांच्या आसपास होती. माझं बिल एक लाख बासष्ट हजार, बाळाचं तीन लाख दहा हजार. दर दिवसाआड चालू बिलाची प्रत मागत जा. दोनदा दुसऱ्या बाळाचं इंजेक्शन आमच्या नावावर पडलेलं सापडलं आणि लगेच निघालं. शेजारच्या पेटीतल्या जुळ्यांचे वडील रंगकाम करायचे. त्यांना दवाखान्याच्या समाजसेविकेने मार्ग दाखवला. महाराष्ट्रात धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागात नेऊन द्यायचं. सरकारी दवाखान्यात तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण आणि आजारी अर्भकाचा उपचार मोफत असतो. आमचं उत्पन्न यात बसत नव्हतं, पण बसणाऱ्यांनाही बहुतेक वेळा कुणी आपणहून सांगत नाही.

२ आणि ३ ऑगस्टला बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली. मग नुसतं पडून राहणं. खोलीत आणखी दोघी होत्या, एक सोलापूरकडची आणि एक हडपसरची. रात्री तिन्ही पोटांवर सिस्टर ठोके ऐकायला यायच्या आणि आम्ही एकमेकींचे ठोके मोजायचो. पडद्यामागून कुणीतरी म्हणायचं, "तुझे चांगलेत हो."

९ ऑगस्टला पहाटे डोकं फुटेल असं दुखलं, बरगडीखाली कळ. प्लेटलेट ७४ हजारांवर आल्या होत्या, डॉप्लरमध्ये प्रवाह उलटा. बाळाच्या मेंदूला जपायला आणि मला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सुरू केलं. ते शिरेतून जाताना सगळं अंग आतून भाजतं, हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस घाबरतो. प्लेटलेट कमी म्हणून पाठीत सुई देता येत नव्हती, पूर्ण भूल दिली. त्यामुळे ती रडली का, हे मला माहीत नाही. नवऱ्याला बाहेर मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला, असं तो सांगतो. २८ आठवडे २ दिवस, ७६० ग्रॅम, मुलगी.

मला तिला पाहायला ११ तारखेला व्हीलचेअरवरून नेलं. आमच्याकडे म्हणतात तसं बाळ 'काचेत' होतं. तोंडात नळी, बेंबीत नळी, डोळ्यांवर निळ्या दिव्यासाठी पट्टी, पायाला चिकटपट्टी: 'बेबी ऑफ' आणि माझं नाव. सिस्टर म्हणाली, "कुरवाळायचं नाही, नुसता हात ठेवा. कातडी नाजूक आहे, चोळलेलं सहन होत नाही." मी तळवा तिच्या डोक्यावर आणि पायांवर ठेवला. तिची चुळबुळ थांबली. खरंच थांबली, मॉनिटरवरचा ठोक्यांचा आकडाही खाली आला.

दूध काढायचं काम मला मिळालं आणि त्या दिवसांत तेवढंच मला जमत होतं. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पहिल्यांदा सिरिंजमध्ये एक मिली पिवळा चीक. तो तिच्या गालाच्या आतून कापसाने लावला. माझं पुरेना तेव्हा दूधपेढीतलं दिलं. भारतातली, किंबहुना आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, हे मला तिथल्या भिंतीवरच्या तक्त्यावरून कळलं. कुणा अनोळखी बाईने दिलेलं दूध माझी मुलगी प्यायली. त्या बाईला हे कधी कळणार नाही.

१४ तारखेला मला सोडलं, पण मी आयांसाठीच्या खोलीतच राहिले. १६ला तिचं पोट फुगलं, दूध थांबवलं. रक्तात जंतुसंसर्ग. अँटिबायोटिक बदललं. १७ला पुन्हा बदललं. १८च्या रात्री डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बसवलं. ३१ जुलैला नवऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा कामी आलं. काय विचारतायत हे आम्हाला समजत होतं. पहाटे तिच्या नळ्या काढून तिला माझ्याकडे दिलं. मी तिला पहिल्यांदाच उचललं. ती माझ्याकडे असतानाच गेली.

रात्रपाळीच्या सिस्टरने विचारलं, "पायाचे ठसे घेऊ? फोटो काढू?" माझ्या मावशीला ते अशुभ वाटलं. मी हो म्हटलं. तुमच्यावर वेळ आली आणि कुणी विचारलं नाही, तर तुम्ही मागा. नको असेल तर नंतर पाकीट उघडू नका, पण ते पाकीट नंतर तयार करता येत नाही.

आता कागद. बाळ क्षणभर जरी जिवंत जन्मलं असेल तरी जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद होते. दवाखान्याने दोन्ही माहिती २१ दिवसांच्या आत महापालिकेकडे पाठवायची असते. अठ्ठावीस आठवड्यांनंतर पोटातच गेलेल्या बाळाची नोंद 'मृतजन्म' म्हणून वेगळ्या नमुन्यावर होते. रेकॉर्ड विभागातल्या काकांनी जन्माचा फॉर्म भरताना विचारलं, "नाव लिहायचं की कोरं ठेवू?" बारसं झालेलं नव्हतं. आम्ही नाव लिहायला सांगितलं. तुम्ही कोरं ठेवलंत तरी चालतं. मात्र हा प्रश्न फॉर्म जाण्याआधीच सोडवा.

दफनासाठी लागलं ते असं: डॉक्टरांनी सही केलेला मृत्यूच्या कारणाचा दाखला, आई-वडिलांची आधार कार्डं आणि पालिकेचा पास. पास तासाभरात मिळाला. एवढ्या लहान बाळाला आपल्याकडे पुरतात, स्मशानभूमीत त्यासाठी वेगळी जागा असते. बायका जात नाहीत, शिवाय माझं पोट शिवलेलं, असं आमच्या घरचे काका म्हणत होते. सासूबाई म्हणाल्या, "तिची लेक आहे, तिला येऊ दे." मी गेले. मूठमाती दिली. तिथल्या माणसाने खुर्ची आणून ठेवली होती.

जन्माचा दाखला ६ सप्टेंबरला मिळाला, मृत्यूचा ११ला. दोन्हींच्या प्रत्येकी पाच प्रती घ्या. विमा कंपनीने बाळाचं नाव पॉलिसीत नाही म्हणून दावा अडवला होता. कंपनीच्या गटविम्यात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण होतं, पण नाव कळवणं आमचं काम होतं. जन्मदाखला जोडल्यावर ते सुटलं. बाळंतपणाची मर्यादा ७५ हजार, ते मिळाले. बाळाच्या बिलातले दोन लाख चाळीस हजार डिसेंबरात आले.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली. याबद्दल मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. बाळ गेलं हे शरीराला कळवायची सोय नसते. दूध बंद व्हायची गोळी असते, पण माझा रक्तदाब चढलेला असल्याने मॅडमनी ती दिली नाही. घट्ट बसणारी ब्रा, थंड शेक, पॅरासिटामॉल, आणि फारच ठणकलं तर आराम पडेल एवढंच थोडं काढायचं, पूर्ण रिकामं करायचं नाही. दहा-बारा दिवस लागले. ताप आला किंवा एका जागी लाल गाठ झाली तर मात्र दाखवायचं.

कराडहून आई डिंकाचे लाडू घेऊन आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता कशाला?" आई म्हणाली, "बाळंतीण आहे ती." तिने अळिवाची खीर तेवढी टाळली, ती दूध वाढवते म्हणून. बाकी सगळं केलं: तेल, गरम पाणी, शेक, पाठीला पट्टा, दुपारी झोप. मला जे सांगायचं आहे ते हेच आहे. बाळ गेल्यावर घरातले, ऑफिसातले, सगळेच तुमच्याशी असे वागतात की जणू काही झालंच नाही. काही प्रेमापोटी, काही अवघडून. पण बाळंतपण झालेलं असतं. टाके आहेत, अंगावरून जातंय, आणि माझ्यासारखीला रक्तदाबाचा धोका प्रसूतीनंतरही काही आठवडे असतो, झटके तेव्हाही येऊ शकतात. बाळाच्या काळजीचं निमित्त नसल्याने बाईला कुणी दवाखान्यात नेत नाही. तेव्हा यंत्र बंद करून कपाटात ठेवू नका. माझ्या गोळ्या ऑक्टोबरमध्ये सुटल्या.

रजेचंही तेच. ऑफिसातून मेल आला: घडल्या गोष्टीचं दुःख आहे, धोरणानुसार सहा आठवड्यांची रजा मंजूर. सहा आठवडे ही तेव्हा लागू असलेल्या १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपाताची रजा होती, आणि तो कायदा सव्विसावा आठवडा संपेपर्यंतच्या गर्भपाताला ती द्यायचा. त्यापुढे ती प्रसूती. बाळ मृत जन्मलं तरी त्या कायद्याच्या व्याख्येत ते बाळच होतं आणि माझ्यासारख्या पहिलटकरणीला पूर्ण २६ आठवडे मिळायचे. आजार किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती असेल तर वर आणखी एक महिना मागता यायचा. मी भांडले नाही. दोन ओळींत त्या कायद्याच्या कलमांचे आकडे, ३ आणि ५, लिहिले, डिस्चार्ज कार्ड आणि जन्मदाखला जोडला. आठवड्याने सुधारित पत्र आलं. केंद्र सरकारी नोकरीत असाल तर सप्टेंबर २०२२चा वेगळा आदेश आहे: मृतजन्म झाला किंवा बाळ २८ दिवसांच्या आत गेलं, तर साठ दिवसांची विशेष रजा.

त्या वर्षी सासूबाईंनी गणपती दीड दिवसाचाच आणला. मला आरतीला कुणी बोलावलं नाही आणि कुणी बाजूलाही सारलं नाही, हे बरं केलं. बोलणारे बोलत होतेच. "दुसरं होईल." "पोटात असताना गेलं असतं तर एवढा खर्च तरी…" हे वाक्य ज्यांनी पूर्ण केलं नाही त्यांच्याकडे मी अजून गेलेले नाही. त्यापेक्षा जावेने जे केलं ते मला उपयोगी पडलं: ती दर गुरुवारी डबा घेऊन यायची, तासभर भाजी निवडत बसायची आणि विचारायची, "तिचे केस कसे होते गं?"

सप्टेंबरच्या शेवटी आरोग्य केंद्रातून फोन आला, बाळाला दीड महिन्याची लस द्यायला आणा. नोंद झाली की असे फोन येतात. पुढचा येऊ नये म्हणून नवऱ्याने केंद्रात जाऊन नर्सबाईंना यादीतलं नाव बंद करायला सांगितलं. मोबाइलवरची गरोदरपणाची ॲप आणि बाळाच्या कपड्यांच्या जाहिराती घरातल्या दुसऱ्या कुणीतरी काढून टाकाव्यात, हेही त्याच दिवशी उरकून घ्या.

ऑक्टोबरात झोप पूर्ण गेली. ३० तारीख जवळ येत होती. एका रात्री मी १४४१६ ला फोन केला, सरकारची टेलिमानस सेवा, मोफत, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने उपदेश केला नाही. तिने विचारलं, तुमच्या मनात स्वतःला संपवायचा विचार येतोय का. सरळ विचारल्यामुळे सरळ उत्तर देता आलं: मरायचं नाही, पण सकाळ होऊ नये असं वाटतं. तिने जवळच्या समुपदेशकाकडे पाठवलं. आठशे रुपये तास. नवराही दोनदा आला. तो ऑगस्टपासून बिलं, पास, दाखले यांच्या मागे होता आणि त्याला कुणीही "तू कसा आहेस?" असं विचारलेलं नव्हतं, सगळे त्यालाच विचारायचे, "ती कशी आहे?"

वारेचा तपासणी अहवाल प्रसूतीनंतर तीन आठवड्यांनी आला होता. वार लहान, तिच्या बऱ्याचशा भागात रक्तपुरवठा तुटलेला. वार तपासायला पाठवा हे प्रसूतीच्या आधीच सांगून ठेवावं लागतं, नंतर ती मिळत नाही. रक्त गोठण्याच्या विकाराच्या तपासण्या नोव्हेंबरमध्ये केल्या, दोष निघाला नाही. पुन्हा दिवस राहिले तर बाराव्या आठवड्यापासून रात्री ॲस्पिरिन, पहिल्यापासून रक्तदाबावर नजर, आणि प्रसूती सिझेरियननेच, कारण माझ्या गर्भाशयावरचा छेद उभा आहे. हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नव्हतं. ऑपरेशनची टिपण मागितली तेव्हा त्यात सापडलं. ज्यांचं सिझेरियन इतक्या लवकर झालंय त्यांनी ही टिपण जरूर मागून घ्यावी, पोटावरचा टाका आडवा असला तरी आतला छेद उभा असू शकतो.

२९ जानेवारी २०२४ला, सोमवारी, कामावर गेले. मी आधीच गटातल्या एका मैत्रिणीला सांगून ठेवलं होतं, तिने सगळ्यांना कळवलं: विचारू नका, बाळाचं नाव घेतलं तर चालेल. त्यामुळे पाळणाघराचा फॉर्म भरायचा मेल सोडला तर पहिला आठवडा निभावला. तो मेल आपोआप गेलेला होता.

एप्रिलमध्ये रक्तदाब १२८/८२. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बाईला पुढे आयुष्यात रक्तदाब आणि हृदयाचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते, म्हणून दर सहा महिन्यांनी मोजायचा, वर्षातून एकदा साखर आणि किडनीच्या तपासण्या. पुढच्या बाळाचं आम्ही अजून काही ठरवलेलं नाही. सासूबाई विचारत नाहीत. आई विचारते, आणि मग स्वतःच विषय बदलते.